हिरवा आणि माती

अण्णा, हिरवा आणि तपकिरी यांत नेमका फरक काय असतो, असं तुम्ही मला एकदा विचारलं होतंत आणि मला सांगता आलं नव्हतं. घरात मी सगळ्यांत तोंडाळ. समोरच्या मामींशी कन्नडात भांडून यायचं आणि स्वयंपाकघरात आईला त्याचा मराठीत वृत्तांत द्यायचा, हा माझा रोजचा उद्योग. आणि त्या दिवशी माझी वाचाच बसली. हिरवा म्हणजे हिरवा, अण्णा, आणि तपकिरी म्हणजे मातीचा, असलं काहीतरी मी पुटपुटले. तुम्ही शहाण्या विद्यार्थ्यासारखी मान हलवलीत. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्या शेवटच्या वयापेक्षा मी मोठी आहे. गुडघे धरतात, जिना चढताना मधल्या पायरीवर थांबावं लागतं. तरी अजून कधी भाजी निवडताना, कधी बसची वाट बघताना मी मनातल्या मनात तुम्हाला तो फरक समजावून सांगत असते. जमत नाही ते नाहीच. मग आज म्हटलं, फरक राहू दे बाजूला, बाकीचं तरी लिहून काढावं.

बेंगळूरला मल्लेश्वरमचं आपलं ते भाड्याचं घर मला अजून दिसतं. पुढे दोन खोल्या, मध्ये स्वयंपाकघर, मागे नळ आणि नळाशेजारी दगडी कट्टा. कारखान्याची बस कोपऱ्यावर यायची आणि तुम्ही डबा काखेत मारून, चपला फटफटवत पळायचात. विमानाचा कारखाना गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, पण आपल्या गल्लीत तुमचा रुबाब असा की जणू आभाळातलं प्रत्येक विमान तुम्हीच ढकलून वर पाठवलंय. तुम्ही विमानंच करायचात, फक्त लाकडाची. हातभर लांब, खऱ्या विमानाच्या मापाबरहुकूम, शिवणीच्या लाकडातून कोरलेली. मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवायला, बाहेरच्या पाहुण्यांना भेट द्यायला, निवृत्त होणाऱ्याला निरोप म्हणून. धारवाडचे काका आले की हटकून म्हणायचे, अजून खेळणीच करतोस का रे, आणि तुम्ही हसून पानाचा डबा पुढे करायचात. मला मात्र राग यायचा. घरी उरलेल्या लाकडावर पंखाचा नमुना तासताना तुम्ही डोळे मिटून अंगठा फिरवायचात आणि केसाएवढा उंचवटा तुम्हाला लागायचा, हे मी बघितलेलं होतं. तासून झालं की बारीक खाचांत लांबी, म्हणजे खडू-तेलाचा लगदा, भरायची, काचकागदाने घासायचं, पुन्हा भरायची, पुन्हा घासायचं. शेवटी रुपेरी रंगाचे हात. तुमच्या वाट्याला येणारी विमानं सगळी रुपेरीच असायची, कारण खरी विमानंही पत्र्याच्या उघड्या रंगाचीच उडायची. पंखांवरची तिरंगी चक्रं कागदावर छापलेली यायची, ती पाण्यात भिजवून चिकटवायची. इतकी वर्षं तुम्ही रंगकाम केलंत, पण रंग निवडायची वेळ तुमच्यावर कधी आलीच नाही.

मग पासष्टची लढाई झाली. चकाकणारं विमान उन्हात लांबून दिसतं, हे सगळ्यांच्या एकदम ध्यानात आलं आणि विमानांना हिरवे-तपकिरी पट्टे मारायची घाई सुटली. वरून बघणाऱ्याला खालच्या रानात आणि मातीत विमान मिसळून जावं, असे ते वेडेवाकडे पट्टे. खरी विमानं तशी झाली म्हटल्यावर टेबलावरची रुपेरी कशी चालतील? साहेबांनी सांगितलं, मॉडेलंही तशीच हवीत. पण रंगशाळेत खऱ्या विमानांची रांग लागलेली, तिथे तुमच्या हातभर विमानांना कोण जागा देणार! म्हणून तुम्हाला पास मिळाला, तासलेली मॉडेलं घरी न्यायची आणि रंगवून परत आणायची. तो पास तुम्ही आईला दोनदा वाचून दाखवलात. त्याबरोबर दोन लहान डबे आले, एकात हिरवा, एकात तपकिरी. डबे सारखेच, वर चिठ्ठी नाही, कोणता कुठला ते देणाऱ्याने तोंडीच सांगितलेलं. हिरव्याच्या झाकणावर तुम्ही खिळ्याने एक रेघ ओढलीत आणि तपकिरीच्या झाकणावर दोन. मी म्हटलं, रेघा कशाला, झाकण उघडलं की कळतंच की. तुम्ही म्हणालात, पद्धत असावी माणसाला. मला वाटलं, झालं, सुरू झाला यांचा काटेकोरपणा.

त्या दसऱ्याला काय झालं ते पुढे कळल्यावर आई जन्मभर विसरली नाही. आदल्या दिवशी खंडेनवमी, आपल्या बेंगळूरच्या भाषेत आयुधपूजा. तुमच्या घरातल्या पटाश्या, रंधे, करवती, आईची विळी, माझी सायकल, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडलं. आईचा हात एकदा घासायला लागला की थांबत नाही. तिने रंगाचे डबेही चिंचेने आणि राखेने लख्ख केले, झाकणं काढून वेगळी घासली, वर गंध-कुंकू लावलं आणि नमस्कार करून ठेवून दिले. झाकणं ठेवताना याचं त्याला आणि त्याचं याला गेलं. तिला बिचारीला कुठे ठाऊक की त्या रेघांवर घरातल्या एका माणसाचा सगळा कारभार चाललाय! दसऱ्याच्या दिवशी हत्यारं उचलून थोडं तरी काम करायचं, हा तुमचा नेम. एक विमान पूर्ण होत आलं होतं, कुठेकुठे हात फिरवायचा राहिला होता. आम्ही देवळात गेलो तेव्हा तुम्ही एकटेच बसून ते संपवलंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर तोंड धुवायला गेले. विमान कट्ट्यावर वाळत ठेवलेलं. हिरव्या पट्ट्यांत तपकिरी ठिपके, तपकिरी पट्ट्यांत हिरवे डाग, अख्ख्या पंखाला नायटा झाल्यासारखं दिसत होतं. मला हसू आवरेना. मी ओरडून तुम्हाला बोलावलं आणि म्हटलं, बघा तुमच्या विमानाला काय रोग लागला. तुम्ही आलात, वाकलात. विमान उचलून उन्हाकडे धरलंत, फिरवलंत, अंगठा फिरवून बघितलात. तुमच्या चेहऱ्यावर रागाचं, ओशाळल्याचं काहीच नव्हतं. मग हळूच विचारलंत,

"कुठे?"

मी बोट ठेवून दाखवलं, इथे, इथे आणि हे केवढं इथे. तुम्ही माझ्या बोटाकडे बघत होतात. इतकी वर्षं ज्या माणसाला मी रंगारी समजत होते, त्याला माझ्या बोटाखालचा हिरवा दिसत नव्हता.

त्या दिवशी तुम्ही बस चुकवलीत. आई भाजीला गेली तेव्हा कट्ट्यावर बसून तुम्ही मला सगळं सांगितलंत, खाली बघून, काचकागदाचा तुकडा बोटांत चोळत. लहानपणी शाळेत कुणीतरी हसलं होतं, तेव्हापासून तुम्ही कुणासमोर रंगाचं नाव घ्यायचं टाळत आलात. तुम्हाला वाटायचं, आपलं डोकंच या एका बाबतीत मठ्ठ आहे, बाकीच्यांनी नीट शिकून घेतलं आणि आपण शिकलो नाही. याला काही नाव असेल, हे जगात आणखी कुणाला असेल, असं तुमच्या स्वप्नातही नव्हतं. आता कारखान्यात हे कळलं तर मॉडेलचं काम जाणार आणि खोकी ठोकायच्या शेडमध्ये पाठवणार, याची तुम्हाला धास्ती. पगार तोच राहिला असता म्हणा. पण साहेबांच्या टेबलावर विमान असणाऱ्या माणसाने सुट्या भागांची खोकी ठोकायची! नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तुम्हाला तो मोतीच प्यारा होता. आणि मला एकदम टोमॅटो आठवले, अण्णा. तुम्ही बाजारातून कच्चे हिरवे टोमॅटो घेऊन यायचात आणि आई पिशवी ओतून कपाळावर हात मारायची. एवढे डोळे फाडून विमानं करता आणि टोमॅटो बघता येत नाही, असं किती वेळा म्हणाली ती! तुम्ही प्रत्येक वेळी मुकाट्याने ऐकून घेतलंत. मला तिथेच कट्ट्यावर रडू आलं. तुम्ही म्हणालात, अगं टोमॅटोसाठी कुणी रडतं का.

मग आपलं ते सुरू झालं. दर रविवारी सकाळी मागच्या कट्ट्यावर तुम्ही आणि मी. रंग दिव्याच्या उजेडात बघायचा नाही, सकाळच्या उन्हातच बघायचा, हा नियम तुमचाच, फक्त बघणारी मी. डब्यातला रंग तसाच लावून चालत नसे. मोठ्या विमानावरचा रंग छोट्यावर लावला की काळपट दिसतो, त्याला पांढऱ्याची जोड द्यावी लागते, आणि किती द्यायची ते नजरेनेच ठरतं. तुम्ही थेंब टाकायचात, ढवळायचात आणि माझ्या तोंडाकडे बघायचात. मी निम्म्या कन्नडात म्हणायचे, स्वल्प अजून, थोडंसं. सरी, झालं बरोबर, पुरे. आता फार झालं, हा तर मेंदीसारखा दिसायला लागला. पट्ट्यांच्या कडा तुम्ही पेन्सिलीने अशा मऊ वळणाने काढायचात की मला वाटायचं, रंग न दिसणाऱ्या माणसाला हे वळण कुठून दिसतं? आईला काही कळू द्यायचं नव्हतं, झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून आपण स्वयंपाकघरातली नावं घेतली, हिरव्याला कोथिंबीर आणि तपकिरीला जिरं. एकदा तुम्ही विचारलंत, काय गं, कोथिंबीर जास्त झाली का, आणि आतून आई म्हणाली, अजून आमटी उकळायचीय, कोथिंबीर कुठली जास्त व्हायला! आपण दोघं तोंडात पदर आणि पंचा कोंबून हसलो. मी त्या वेळी टायपिंगच्या क्लासला जात होते, मैत्रिणी होत्या, सिनेमे होते. पण आठवड्याभरात मी कशाची वाट बघत असेन तर त्या रविवार सकाळची. टर्पेंटाइनचा वास आला की आजही माझं पोट सकाळच्या भुकेने खवळतं, खोटं सांगत नाही.

तो फरकाचा प्रश्न तुम्ही त्याच दिवसांत विचारलात. आपण सँकी टँकच्या बांधावर फिरायला गेलो होतो. तुम्ही तळ्यापलीकडे बघत थांबलात आणि विचारलंत, हे सगळं तुला वेगवेगळं दिसतं? म्हणजे झाड वेगळं, त्याखालची जमीन वेगळी? मी म्हटलं, हो. मग दोन्हींत फरक काय असतो ते विचारलंत, आणि मी ते हिरवा म्हणजे हिरवा पुटपुटले. तुम्ही म्हणालात, वैमानिक सांगतात, वरून बघितलं तर पट्टे मारलेलं विमान जमिनीतून वेगळं काढता येत नाही, शोधावं लागतं. मग म्हणालात, मला तर सगळंच तसं, एकमेकांत लपलेलं. हे तुम्ही तक्रारीच्या सुरात नाही म्हणालात, नळाला पाणी कमी आहे म्हणावं तसं म्हणालात. मी तुमच्या दंडाला धरून चालायला लागले. तुम्ही कधी विमानात बसला नव्हतात. तुम्हाला वर नेऊन खालचं जग दाखवावं आणि तिथेही तुमच्या शेजारी बसून, हे रान, ही माती, हे पाणी, असं सांगत राहावं, असं तेव्हा मला फार वाटलं. आजही वाटतं. विमानात खिडकीशी बसले की मी खाली बघते आणि ओठ हलवते. शेजारच्याला वाटतं, म्हातारी जप करतेय.

पण मुलगी लग्नाला आली की घर गप्प बसतं का! आईने पत्रिका बाहेर काढली. पहिल्या मुलाचं नाक मला आवडलं नाही, दुसरा फार हळू जेवत होता. आई म्हणाली, हिला नवरा नको, आरसा हवाय. तिसरा धारवाडचा, कॉलेजात शिकवणारा. आला, बसला. पोह्यांना नावं ठेवली नाहीत, गाता येतं का असं विचारलं नाही, उलट कट्ट्यावर वाळणारं विमान बघून तुमच्याशी लाकडाबद्दल बोलत बसला. मी आत जाऊन आईला सांगितलं, नको. का नको, तर नको. आईने आदळआपट केली. पुढचं विमान मोठ्या पाहुण्यांसाठी होतं, त्यानंतर आणखी दोन होती. मी धारवाडला गेले तर तुम्हाला थेंब कोण सांगणार? हे मी कुणाला बोलले नाही, तुम्हालाही नाही. त्या संध्याकाळी तुम्ही माझ्याजवळ येऊन बसलात आणि पटाशी पुसत सहज विचारलंत, "त्या मुलाच्या शर्टाचा रंग कोणता होता गं?"

"फिकट पिस्ता," मी म्हटलं. "बाह्या दुमडलेल्या. आणि वरून दुसरं बटण वेगळंच, पांढऱ्याऐवजी राखाडी लावलेलं."

तुम्ही पटाशी खाली ठेवलीत. "नापसंत माणसाची बटणं कोण मोजतं, बाळा?"

माझा चेहरा कसा झाला असेल ते मला माहीत नाही. लाल झाला असेल तर तो तुम्हाला दिसला नसणार, एवढंच समाधान. सोमवारी नेहमीसारखे बसने गेलात आणि संध्याकाळी हत्यारांची पेटी घेऊन परत आलात. मी विचारलं, पेटी का आणली, ती तर कारखान्यातच असते. तुम्ही आईला हाक मारलीत, आम्हा दोघींना समोर बसवलंत आणि सांगितलंत की आज मोठ्या साहेबांकडे जाऊन बोललो, मला हिरवा आणि तपकिरी वेगळे दिसत नाहीत. ते म्हणे आधी हसले, त्यांना वाटलं तुम्ही थट्टा करताय. मग म्हणाले, मग आजवर कसं केलंस? तुम्ही म्हणालात, मुलगी सांगते, पण तिचं आता लग्न ठरलंय. उद्यापासून खोक्यांची शेड. कोरीव कामाची ही पेटी तिथे लागणार नाही, म्हणून घरी आणली.

मी तुमच्यावर किती ओरडले, अण्णा! तसं मी आयुष्यात पुन्हा कुणावर ओरडले नाही. लग्न कुठे ठरलंय, कुणी ठरवलं, मला विचारलं का, तुम्हाला एवढा मोठेपणा कुणी सांगितला होता! समोरच्या मामी दारात येऊन उभ्या राहिल्या तरी मी थांबले नाही. तुम्ही माझं पुरतं बोलून होऊ दिलंत आणि मग एकच वाक्य म्हणालात. "रंग नाही दिसला तर नाही दिसला, पण तू माझ्यासाठी थांबलीस ते दिसतं ना मला." आई मात्र भाजीची रिकामी पिशवी मांडीवर घेऊन तिच्या घड्या घालत बसली. तिचा सगळा संसार तिच्या डोळ्यांसमोर उलगडत असणार, सगळी पिशव्यांची भांडणं. दुसऱ्या दिवसापासून टोमॅटो तीच निवडून आणायला लागली.

लग्नात हिरवा चुडा भरला तेव्हा बांगडीवालीच्या पुढ्यात तुम्ही येऊन उभे राहिलात. बायकांच्या घोळक्यात पुरुष माणूस कशाला, म्हणून आत्याबाई कुरकुरल्या. तुम्ही माझं मनगट हातात घेतलंत, बांगड्या इकडून तिकडे सरकवल्यात आणि म्हणालात, "हिरव्या आहेत ना गं? चांगल्या दिसतात." मी हो म्हटलं. तुम्हाला त्या कशा दिसत होत्या, मी कधी विचारलं नाही. नुसत्या माझ्या शब्दावर तुम्ही त्यांना चांगल्या म्हणालात, आणि मी सासरी जाताना त्यामुळेच जास्त रडले. माझी भांडी न्यायला तुम्ही खोक्यांच्या शेडमध्ये शिकलेल्या पद्धतीने एक खोकं केलं होतंत, कोपऱ्यांना पट्ट्या मारून, आणि त्यावर काळ्या छापाच्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतंत की नाजूक माल आहे, जपून हाताळा, आणि बाण काढून, ही बाजू वर. धारवाडला सासूबाईंनी कन्नडात आपल्या मुलाला विचारलं, हे सुनेबद्दल लिहिलंय की भांड्यांबद्दल? ती गोष्ट मी तुम्हाला कळवली तेव्हा तुम्ही उलट टपाली कळवलंत, दोन्हींबद्दल.

खोक्यांच्या शेडमध्येही तुम्ही नीट रमलात, असं आई सांगायची. मी माहेरी आले की तुमच्याबरोबर कट्ट्यावर बसायचे, पण रंगवायला काही नसायचं. तुम्ही लसूण सोलायला घ्यायचात, मी शेंगा मोडायचे. ऊन चढलं तरी दोघांनाही उठावंसं वाटायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी रंगवलेली विमानं साहेबांच्या टेबलांवर गेली असतील. ती मी पाहिली नाहीत आणि पाहायची इच्छाही झाली नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझा मुलगा अजून बोबडा बोलत होता. तो तुमच्या मांडीवर बसून तुमच्या पंच्याचे दोरे ओढत असे, एवढंच त्याच्या वाट्याला आलेले आजोबा. पुढे यांची बदली बेंगळूरला झाली आणि मी परत आले. गल्ली तीच होती, घर पाडून वर मजले चढवलेले. त्या दिवशी मी समोरच्या फुटपाथवर उभी राहिले आणि मला तुमची इतकी आठवण आली की माणसांसमोर रडायला नको म्हणून एका दुकानात शिरून नको असलेला साबण विकत घेतला.

मुलगा मोठा होता होता त्याला विमानाचं वेड लागलं. ते कुठून आलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. त्याला हवाई दलात जायचं होतं, चालवायचंच होतं. त्यासाठी डोळे तपासून घ्या म्हणून शाळेतल्या सरांनी सांगितलं, तर मी त्याला बसवनगुडीला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी एक पुस्तक काढलं, पानापानावर रंगीत ठिपके आणि ठिपक्यांत आकडे. पहिला आकडा त्याने वाचला. नंतरच्या पानांवर तो नुसता बघत राहिला आणि म्हणाला, यात काही लिहिलेलंच नाही. मला त्याच्या खुर्चीमागून ते आकडे ढळढळीत दिसत होते. डॉक्टर सावकाश बोलणारे होते. त्यांनी सांगितलं, यात कुणाचा दोष नाही, जन्मतःच असतं, याला रंगांधळेपणा म्हणतात. मुलाला हे आईकडून येतं, आणि आईला तिच्या वडिलांकडून. आईला स्वतःला काही होत नाही, ती फक्त पुढे पोचवते. वैमानिक होणं जमणार नाही म्हणाले. बाहेर रिक्षात बसल्यावर पोरगं माझ्याकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून रडत होतं. आज तो पीण्या औद्योगिक वसाहतीत स्वतःचा लहानसा कारखाना चालवतो, केस पिकलेत, ते दुःख त्याच्यापुरतं जुनं झालंय. तुमच्याबद्दल मी त्याला पुढे सगळं सांगितलं, दसऱ्याचं, टोमॅटोचं, कोथिंबिरीचं. तो हसला आणि म्हणाला, मग मी एकटा नाही तर.

हे पत्र पोस्टात टाकता येण्यासारखं नाही, आणि आता कपाटात सापडेलसं ठेवताही येणार नाही, कारण एक गोष्ट मी त्याला सांगितलेली नाही. यांनाही नाही, हयात होते तोवर. पोराचं एवढं मोठं स्वप्न मोडलं तर आईच्या काळजात चर्र व्हायला हवं. झालंही, रिक्षात बसल्यावर खूप झालं. पण त्याच्या आधी, तिथे दवाखान्यातच, डॉक्टर म्हणाले की हे आईच्या वडिलांकडून येतं, तेव्हा मी खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि मनात म्हटलं, आलात का, अण्णा? मला इतका आनंद झाला होता.